हसऱ्या मातीच्या माणसांचा भाव काय?

डोक्यावर मांजर घेऊन, डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून बसलेली एक जाडजूड आजी. उंची फूटभर. शेजारच्या चिठ्ठीवर किंमत, ३५,००० रुपये. सिरॅमिक शिल्पांच्या प्रदर्शनात अशी एखादी आजी, सुटकेसवर बसून रडणारा नवरदेव किंवा पोटात खिडकी असलेली बाई हमखास भेटते. बघणारा आधी हसतो, मग चिठ्ठी वाचतो, मग बरोबरच्याला हळूच विचारतो, "मातीचंच आहे ना?"

विचारण्यात गैर काही नाही. पेणच्या शाडूच्या फूटभर गणपतीला आपण दोन-चार हजार मोजतो. तीही मातीच, तिच्यावरही कुणाचा तरी हात फिरलेला. मग इथे दहापट कशाला? शिवाय चित्र घेताना निदान भिंत मोजता येते. शिल्प घेताना काय मोजायचं हेच अनेकांना कळत नाही आणि मग एकतर बिचकून काहीच घेतलं जात नाही, नाहीतर साच्यातली वस्तू कलाकृतीच्या भावात गळ्यात पडते. म्हणून हा हिशोब. आकडे मुंबई-पुण्याकडचे, ढोबळ आहेत. कलावंतागणिक ते वर-खाली होतील, पण कुठल्या गोष्टीला जास्त पैसे पडतात आणि कुठल्या गोष्टीला कमी, हे प्रमाण फारसं बदलत नाही.

आजीचा जमाखर्च

आधी माती बाजूला काढू, कारण ती सगळ्यात स्वस्त. उच्च तापमानाला भाजायची तयार स्टोनवेअर माती किलोला ५० ते १०० रुपयांच्या आसपास मिळते. आजीला पाचेक किलो लागली असेल, म्हणजे साधारण ४०० रुपये. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, आणि रंगासाठीची ऑक्साइडं ६०० धरू. भट्टीचं वीजबिल लोकांना फार वाटतं, पण सहा-सात किलोवॅटची भट्टी एका भाजणीला साधारण ५० युनिट खाते आणि त्या भट्टीत आजी एकटी नसते. दोन भाजण्यांचा तिचा वाटा ६०० रुपये. झाले १,६००.

आता वेळ. गणपतीचा कारखाना आणि सिरॅमिकचा स्टुडिओ इथे वेगळे होतात. शाडूचा गणपती बहुधा साच्यातून निघतो, वाळतो, रंगतो. तो भट्टीत जात नाही, जायचं कारणही नाही. त्याला दीड किंवा दहा दिवसांनी पाण्यात विरघळायचंच असतं. आजीला मात्र १,२०० अंशांच्या पुढे टिकायचं आहे, आणि त्यासाठी ती आतून पोकळ लागते. भरीव मातीत अडकलेल्या पाण्याची भट्टीत वाफ होते आणि ती वाफ शिल्प फोडून बाहेर पडते. फुटताना ती शेजारच्या दोन वस्तूही बरोबर नेते.

त्यामुळे आजी बसते ती बुडाकडून वर. मातीच्या वळ्या एकावर एक रचत, पाऊण ते एक सेंटीमीटर जाडीची भिंत राखत, रोज थोडी. खालचा भाग जरा कडक झाल्याशिवाय वरचं वजन टाकता येत नाही, नाहीतर पोट फुगून बसतं. डोकं वेगळं करायचं, मान आणि खांदा दोन्ही ओरखडायचे, मातीचा पातळ घोळ लावायचा आणि मग जोड दाबून बसवायचा. मांजरीचे कान आणि आजीची बोटं बारीक असल्यामुळे ती आधी वाळतात, आखडतात आणि सांध्यात तडकतात; म्हणून त्यांना प्लास्टिकच्या चिंध्यांनी गुंडाळून ठेवायचं आणि जाड पाठ उघडी सोडायची. बुडाशी किंवा पदराच्या चुणीत एक भोक ठेवायचं, आतली हवा आणि वाफ बाहेर पडायला. मग दोन-तीन आठवडे वाळवण. कोकणात जुलै असेल तर दुप्पट.

पहिली भाजणी साधारण १,००० अंशांपर्यंत. ५७३ अंशांजवळ मातीतल्या वाळूच्या कणांची रचना बदलते आणि ते एकदम प्रसरण पावतात. त्या टप्प्यावर भट्टी घाईने तापवली किंवा निववली की तडा ठरलेला. मग ग्लेझ, मग दुसरी भाजणी १,२०० ते १,२८० अंशांची. या भाजणीत माती मऊ होते, पुढे काढलेला हात किंचित खाली येतो आणि डोळ्याच्या कडेला ग्लेझ जास्त साचलं तर डुलकी घेणारी आजी रडकी दिसू लागते. शिवाय ओल्या मातीपासून शेवटपर्यंत शिल्प दहा-बारा टक्के आकसतं. आज दिसणारी ३१ सेंटीमीटरची आजी घडवताना ३५ सेंटीमीटरची होती.

हे सगळे मिळून हाताचे तास तीस धरू आणि तासाला फक्त ४०० रुपये. एसी दुरुस्तीवाला नुसतं बघायला येण्याचे याहून जास्त घेतो. १२,००० झाले. साहित्यासकट १३,६००. आता चारातलं एक शिल्प वाळवताना किंवा भट्टीत जातं असं मानलं, आणि हा अंदाज उदार नाही, तर त्या गेलेल्याचा खर्च उरलेल्या तिघांवर बसतो: १८,००० च्या वर. स्टुडिओचं भाडं आणि लाख-दोन लाखांच्या भट्टीची झीज म्हणून तीनेक हजार. कलावंताच्या हाती २१,००० यायला हवेत. गॅलरीचं कमिशन ३० पासून ५० टक्क्यांपर्यंत असतं. ४० धरलं तर किंमत थेट ३५,००० वर जाते.

चिठ्ठीवरच्या आकड्यात प्रसिद्धीचा, नावाचा एक पैसाही नव्हता हे लक्षात घ्या. कलावंत नवी असेल तर ती नेमकी इथेच पडतं घेते आणि २५,००० लिहिते. नाव झालं की हाच आकडा दुप्पट-चौपट होतो, आणि त्या वरच्या रकमेला हिशोब नसतो, मागणी असते.

बाजारात काय भावाने काय मिळतं

दोनशे ते हजार रुपयांत जे मिळतं ते शिल्प नव्हे, शोभेची वस्तू. बहुतेकदा उत्तर प्रदेशातल्या खुर्जासारख्या ठिकाणी साच्यात ओतलेली किंवा आयात केलेली. त्यात वाईट काही नाही. फक्त तिला हस्तकला म्हणून पाच हजार देऊ नका.

दीड ते पाच हजारांत चार-सहा इंचांच्या हातानं घडवलेल्या छोट्या आकृत्या येतात. झोपलेलं मांजर, ढगाला मिठी मारणारं पोर, तोंड फुगवून बसलेला बेडूक. स्टुडिओत वर्ग घेणारे कलावंत आणि कलाशाळांतली मुलं या टप्प्यात काम विकतात. माझ्या मते दिलेल्या पैशांचं चीज करणारा टप्पा हाच. दहा ते चाळीस हजारांत आमच्या आजीसारखी फूट-दीड फुटाची, एकमेव कामं. पन्नास हजारांच्या पुढे मोठी शिल्पं, अनेक आकृत्यांची मांडणी, किंवा नाव. लिलावात जाणाऱ्या मंडळींचं गणित निराळं. हिम्मत शाह यांनी टेराकोटात आणि ब्राँझमध्ये डोकी घडवली; त्यांचं काम लाखांच्या भाषेत बोलतं आणि तिथे आपल्यासारख्याने फक्त बघायला जावं.

पोर्सिलेनला याच आकाराचे जास्त पैसे पडतात. माती महाग, आकसते जास्त, भट्टीत वाकते जास्त. पांढरी, पातळ, किंचित प्रकाश झिरपू देणारी बोटं हवी असतील तर त्याची किंमत रास्त समजा. उलट टेराकोटा, म्हणजे हजार अंशांच्या आसपास एकदाच भाजलेली लाल माती, स्वस्त पडायला हवी. टेराकोटाला कुणी स्टोनवेअरचा भाव सांगत असेल तर तो नावाचा भाव आहे का, एवढं विचारा.

उलटं करून बघा

हसरा चेहरा बघून भुलायच्या आधी शिल्पाचं बूड बघायचं. विक्रेत्याला सांगा, तोच उचलून दाखवेल. बुडाला ग्लेझ नसतं, कारण ते भट्टीच्या फळीला चिकटलं असतं. तिथे मातीचा खरा रंग दिसतो. भोक दिसतं. सही किंवा शिक्का, बहुधा सालासह, दिसतो. बुडाला मखमल किंवा फेल्ट चिकटवलेलं असेल तर कोपरा उचलून बघायची परवानगी मागा.

सध्या सगळ्यात जास्त फसवणूक पॉलिरेझिनच्या वस्तूंत होते. मोठ्या डोळ्यांच्या, गोड चेहऱ्याच्या मूर्ती 'सिरॅमिक फिनिश' म्हणून विकल्या जातात आणि घरी येईपर्यंत त्यातला 'फिनिश' गळून जातो. हात लावा. भाजलेली माती गार लागते, रेझिन कोमट. बोटाच्या पेराने हलकेच वाजवा: चांगल्या भाजलेल्या पोकळ शिल्पाला खणखणीत आवाज असतो, रेझिनला प्लास्टिकचा. आपल्या आज्या बाजारातून मडकं असंच वाजवून घ्यायच्या, आणि चीर गेलेलं भांडं तेव्हाही बद्द वाजायचं. शिल्पाला आतून तडा असेल तर तोही याच बद्द आवाजाने कळतो.

साच्याची वस्तू ओळखायला बाजूची रेषा शोधा. दोन अर्धे भाग जिथे जुळतात तिथे, खांद्यापासून कुशीपर्यंत, घासून पुसलेली एक शीर राहतेच. साचा वापरणं हा गुन्हा नाही. अनेक चांगले कलावंत धड साच्यातून काढतात आणि चेहरा, हात हातानं घडवतात. पण तसं सांगितलेलं असावं आणि किंमत त्या मानाने उतरलेली असावी. "याच्या अशा किती आहेत?" हा प्रश्न सरळ विचारा. पन्नास असतील तर पन्नासातली एक म्हणून पैसे द्या.

ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर लगेच नाक मुरडू नका. ग्लेझ आणि माती वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्याने त्या येतात, पुष्कळदा मुद्दाम आणलेल्या असतात. चहाच्या कपात त्या नकोत, शिल्पात चालतात. मात्र मान, मनगट आणि घोटा इथे नखाने चाचपून खरी चीर नाही ना, हे पाहून घ्या.

गोड आणि चांगलं यातला फरक

हा पैशाचाच प्रश्न आहे, कारण गोड वस्तूचा कंटाळा वर्षभरात येतो आणि तिला पुन्हा कुणी विकत घेत नाही.

भावना दाखवणाऱ्या शिल्पात बहुतेकांचं लक्ष चेहऱ्यावर जातं. मी पाठ बघतो. ज्याला आकृती खरोखर सुचली आहे तो वाकलेल्या पाठीत, आत वळलेल्या पायाच्या अंगठ्यात, खाली सोडलेल्या खांद्यात काहीतरी म्हणतो. ज्याला फक्त चेहरा सुचला त्याची पाठ पोत्यासारखी सपाट असते. डोळ्यात दोन मोठे थेंब आणि हातात लाल हृदय असेल तर ते शिल्प बहुधा शुभेच्छापत्र आहे.

नजर तयार करायला ज्योत्स्ना भट्ट यांची कामं बघावीत. जन्म १९४० चा, कच्छमधला. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात वर्षभर सिरॅमिक शिकून त्या बडोद्याला शंखो चौधुरींकडे शिल्पकला शिकायला गेल्या आणि पुढे बडोद्यातच १९७२ पासून २००२ पर्यंत शिकवत राहिल्या. २०२० मध्ये त्या गेल्या. मांजरं, घुबडं, पक्षी, कमळाच्या कळ्या हे त्यांचे विषय. त्यांच्या मांजराला मिशा नसतील, डोळे नुसत्या दोन खाचा असतील, पण ते अंगाचं मुटकुळं करून ज्या आळसाने बसलेलं असतं तो आळस खरा असतो. ग्लेझही चकचकीत नाही. मंद, निळसर-हिरवे, मातकट रंग. खट्याळपणा करायला किती कमी सामग्री लागते, हे त्यातून कळतं.

दुसरं टोक बघायचं तर अंजनी खन्ना यांच्या याळी. दक्षिणेतल्या देवळांच्या खांबांवर दिसणारा तो मिश्र प्राणी त्यांनी आजच्या बाईच्या अंगावर चढवला. अर्धी बाई, अर्धं जनावर अशा आकृत्या आधी मजेशीर वाटतात आणि मग अस्वस्थ करतात. अशी शिल्पं दिवाणखान्यात ठेवताना घरातल्या सगळ्यांचं मत घ्यावं, हा अनुभवाचा नव्हे, साध्या शहाणपणाचा सल्ला.

कुठे जायचं

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. तिथली दालनं कलावंत स्वतः आठवड्याच्या हिशोबाने घेतात, त्यामुळे पुष्कळदा विकणारा आणि घडवणारा एकच असतो आणि कमिशनचा मोठा थर मध्ये नसतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी जा. शिल्पं पुन्हा गुंडाळून घरी न्यायची वेळ आलेली असते आणि किमतीबद्दल माणुसकीने बोलता येतं. त्याच भागात फेब्रुवारीच्या आसपास भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात रस्त्यावरच्या गाळ्यांवर छोटी कामं मिळतात, पण गर्दी इतकी की बूड उलटं करून बघणं जमत नाही. त्यापेक्षा गाळ्यावरून नाव-पत्ता घ्या आणि नंतर स्टुडिओत जा.

ज. जी.सारख्या कलाशाळांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नका. मुंबईच्या या शाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात कुंभारकामाला सुरुवात करून दिली होती. परंपरा जुनी आहे आणि विद्यार्थ्यांचे भाव अजून कोवळे असतात. पुण्यात बालगंधर्व कलादालनावर लक्ष ठेवावं. गोव्यात पणजीच्या आल्तिनोवर सुनापरान्त हे कलाकेंद्र आहे, पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा. पुदुच्चेरीला फिरायला जाणार असाल तर गोल्डन ब्रिज पॉटरीचं नाव ध्यानात ठेवा. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये ती सुरू केली आणि आज भारतात सिरॅमिक करणारी कितीतरी मंडळी तिथे शिकून गेली. त्या गावात आणि ऑरोव्हिलमध्ये लहानमोठे स्टुडिओ पुष्कळ.

स्टुडिओत गेल्यावर 'सेकंड्स' आहेत का, असं जरूर विचारा. ग्लेझ जरा ओघळलेलं, करंगळी किंचित वाकडी झालेली कामं कोपऱ्यात ठेवलेली असतात आणि बऱ्याच कमी भावात मिळतात. भांड्यातला दोष खुपतो, आकृतीतला दोष कधी कधी स्वभाव होतो.

एक पथ्य मात्र पाळा. गॅलरीत लावलेलं शिल्प बघून कलावंताला परस्पर फोन करून "कमिशन वाचवू" असं सुचवू नका. गॅलरीशी त्याचा करार असतो आणि तुमच्या दहा हजारांसाठी त्याचं पुढचं प्रदर्शन जाऊ शकतं. गॅलरीकडेच दोन-तीन हप्ते मागा. अनेक ठिकाणी देतात.

आपल्या सांगण्यावरून करून घ्यायचं असेल तर

आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्या दोघांचं गमतीशीर शिल्प, गेलेल्या कुत्र्याची आठवण, अशा मागण्या वाढल्या आहेत. तयार कामापेक्षा याला सव्वा ते दीडपट मोजायची तयारी ठेवा, कारण शहाणा कलावंत एकाच वेळी दोन घडवतो. एक भट्टीने खाल्लं तर दुसरं असावं म्हणून.

निम्मे पैसे आगाऊ देण्याची पद्धत आहे. मुदत अडीच-तीन महिने, पावसाळ्यात त्याहून जास्त. दिवाळीला हवं असेल तर मे महिन्यात सांगा. ऑगस्टमध्ये सांगितलेलं शिल्प दिवाळीला हवं म्हणून घाईने वाळवलं की भट्टीतच फुटतं. कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: भाजल्यानंतरची उंची (ओलीची नव्हे), मातीचा आणि भाजणीचा प्रकार, कच्च्या अवस्थेत फोटो दाखवून संमती घेतली जाईल का, आणि तडकलं तर पुन्हा करून देणार की पैसे परत. चेहरा हुबेहूब हवा असा हट्ट मात्र सोडा. हुबेहूब हवा तर फोटो लावा, तो चौकटीसह दोन हजारांत होतो.

चिठ्ठीवर नसलेला खर्च

पावतीत जीएसटी किती लावलाय ते बघा. मूळ शिल्पांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. आजीवर म्हणजे १,७५०. कलावंताची जीएसटी नोंदणीच नसेल तर त्याला हा कर आकारताच येत नाही. मग 'टॅक्स वेगळा' असं कुणी म्हणालं तर नोंदणी क्रमांक मागा. पावतीवर कलावंताचं नाव, शिल्पाचं नाव, माध्यम, साल, मापं आणि ते एकमेव आहे की अनेकांतलं, हे हवंच. स्वतंत्र प्रमाणपत्र मिळालं तर उत्तम, पण रंगीत प्रमाणपत्र देऊन पावती न देणाऱ्यापासून लांब राहा.

पॅकिंगवर कंजुषी नको. बारीक हात-पाय असलेल्या शिल्पाला खोक्यात खोकं लागतं, दोन्हींमध्ये चारी बाजूंनी दोन इंच फोम. हजार-दीड हजार. लाकडी पेटी करायची तर दोन-चार हजार. कुरियर कंपन्यांच्या अटींत काच आणि सिरॅमिकच्या तुटफुटीची जबाबदारी बहुधा नाकारलेली असते, ती ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. पुणे-मुंबई एवढंच अंतर असेल तर स्वतःच्या गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा लावून न्या. परदेशी नातेवाइकांना द्यायचं असेल तर विमानात हातातल्या बॅगेत मावेल एवढंच घ्या. आणि न्यू जर्सीच्या अंगणात टेराकोटा ठेवू नका असं त्यांना बजावा. कमी भाजलेली माती पाणी शोषते, थंडीत त्या पाण्याचा बर्फ होतो आणि पहिल्या हिवाळ्यात पापुद्रे सुटतात. आपल्याकडे तेच शिल्प कोकणातल्या अंगणात शेवाळतं. बाहेर ठेवायचं तर पूर्ण भाजलेलं स्टोनवेअरच.

घरी सगळ्यात स्वस्त विमा म्हणजे शिल्पाच्या बुडाला लावायची चिकट पुट्टी. काही शे रुपयांत येते, डाग पाडत नाही आणि धूळ पुसणाऱ्या मावशींचा धक्का सोसते. खऱ्या विम्याचं सांगायचं तर 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित घरविम्यात कलावस्तू 'मौल्यवान चीजवस्तू' म्हणून वेगळ्या जाहीर कराव्या लागतात. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एका वस्तूला १ लाखापर्यंत मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. आग, पूर, भूकंप यांना तो उपयोगी. मांजरीने पाडलं तर नाही.

तुटलंच तर झटपट चिकटणारा डिंक वापरू नका. तो पिवळा पडतो आणि नंतर नीट जोडणाऱ्याला आधी तुमचा डिंक काढावा लागतो. सगळे तुकडे, भुगासुद्धा, पिशवीत ठेवा आणि घडवणाऱ्यालाच विचारा. पुष्कळ जण जुजबी पैशांत दुरुस्त करून देतात.

पुढे विकायचं झालं तर

घरातली साधी वस्तू विकून आलेल्या पैशावर कर नसतो, पण शिल्प आयकराच्या दृष्टीने तसं 'वैयक्तिक सामान' धरलं जात नाही. नफा झाला तर भांडवली नफ्याचा कर लागतो. चोवीस महिन्यांहून जास्त ठेवलेलं असेल तर १२.५ टक्के. म्हणून पावती जपायची. नातेवाइकांखेरीज कुणाकडून वर्षभरात ५०,००० च्या वरची अशी भेट मिळाली तर तीही उत्पन्नात धरली जाते. लग्नातल्या भेटींना ही अट नाही.

शिल्प विकत घेतल्याने त्याच्या प्रतिकृती काढायचा हक्क मिळत नाही, तो कलावंताकडेच राहतो. आजीचा फोटो चहाच्या मगांवर छापून विकायची कल्पना सुचली असेल तर परवानगी घ्या. कॉपीराइट कायद्यात दहा हजारांहून जास्त किमतीच्या मूळ शिल्पाच्या फेरविक्रीत कलावंताला वाटा देण्याची तरतूदही आहे.

खरं सांगायचं तर हा भाग बहुतेकांनी वाचून सोडून द्यावा. सिरॅमिक शिल्पांचा आपल्याकडचा फेरविक्रीचा बाजार अगदी लहान आहे. २०१८ मध्ये जयपूरला जवाहर कला केंद्रात पहिलं भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिक प्रदर्शन भरलं, तेव्हापासून या माध्यमाकडे गंभीरपणे बघणारे वाढले, पण दुसऱ्या हाताला गिऱ्हाईक मिळणं अजून अवघड. गुंतवणूक म्हणून घ्यायचं असेल तर घेऊ नका. पहिलीच खरेदी असेल तर पाच हजारांच्या आतलं, हातानं घडवलेलं, पूर्ण भाजलेलं छोटं काम थेट करणाऱ्याकडून, पावतीसह घ्या. वर्षभर ते रोज डोळ्यांसमोर ठेवा. तरीही बरं वाटत असेल, तर मग ३५,००० च्या आजीकडे वळा. तिची किंमत रास्त आहे.